सुखदेवच्या डोळ्यातली खिडकी

आधीच सांगून ठेवते, मी भुताखेतांना मानणारी बाई नाही. अर्धं आयुष्य फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत गेलं — लाल दिव्याखाली, दार लावून, एकटीनं. तिथं भूत असतं तर पहिलं मलाच भेटलं असतं ना! शेजारणी विचारायच्या, "तुले भेव नाही लागत का वं?" मी म्हणायची, "येऊ दे भूत, त्याच्याकडून फिल्मचे ट्रे हलवून घेईन, तेवढाच माझ्या हाताला आराम." अंगात आलेल्या बाईसमोरसुद्धा मी कधी हात जोडले नाहीत. सासूबाईंना याचा फार राग यायचा.

तरी हे लिहितेय. म्हणजे मी सांगतेय आणि नात टाइप करतेय. तुमच्या सदरातले अनुभव तीच मला वाचून दाखवते. ती माझं 'मले' खोडून 'मला' करते... करू दे बापडी. पण यात जिथं लाइटचा विषय येईल तिथं मी तिला एक शब्द बदलू देणार नाही. ते मला जास्त कळतं.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. खामगावात बाजाराच्या रस्त्याला, माडीवर आमचा स्टुडिओ होता. सासऱ्यांच्या काळात छपराला काचा होत्या आणि वरून उत्तरेचा उजेड यायचा. काय उजेड तो! मऊ, सारखा, तोंडावर कुठं डाग म्हणून पडायचा नाही. मग शेजारच्या सरकीवाल्यानं दोन मजले चढवले आणि आमचा उजेड गेला. ह्यांनी — म्हणजे माझ्या मालकांनी, पुढं नुसतं 'हे' म्हणेन — काचांवर पत्रा ठोकला, बाजूची एकुलती एक खिडकी विटांनी बुजवली आणि विजेचे मोठे दिवे आणले. हॉल म्हणजे नुसती पेटी झाली. दुपारी बारा वाजता दिवा बंद केला तर हाताला हात दिसायचा नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आता नुसत्या बल्बचा लाइट असतो कडक. नाकाची सावली ओठावर पडते, माणूस भांडायला उठल्यासारखा दिसतो. देवीचे व्रण असले तर दुप्पट खोल दिसतात. लाइट मऊ करायचा तर तो आधी कशावर तरी पसरवावा लागतो, मग तोंडावर सोडायचा. त्याची मोठी चकचकीत ताटं मुंबईला मिळायची, पण ती आमच्या ऐपतीबाहेर. एक दिवस मी मंडईतून येते, तर माझ्या आंदणातली पितळी परात गायब! माझ्या बापानं मोताळ्याहून डोक्यावर आणलेली, माझं नाव घातलेली परात. ह्यांनी तिला आतून कल्हई करून आणली होती आणि मधोमध भोक पाडून त्यात बल्ब बसवला होता.

"अहो, भाकरी कायच्यात थापू आता? तुमच्या डोक्यावर?"

"थाप," हे म्हणाले. "पण लाइट पाय आधी, कसा मऊ पडून राह्यला."

कितीतरी दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. पण खोटं कशाला बोलू, लाइट फार सुंदर पडायचा. म्हातारी बाई बसली तरी तिचं तोंड उजळायचं.

आणखी एक सांगते. तुमच्याकडचा कुठलाही जुना फोटो काढा, भिंग घ्या आणि डोळा पाहा. बुबुळावर एक पांढरा ठिपका असतो. तो समोरच्या लाइटचा. लाइट जसा असेल तसा ठिपका — छत्रीचा वेगळा, खिडकीचा चौकोनी. आमच्या स्टुडिओत जो बसला त्याच्या डोळ्यात गोल. म्हणजे माझी परात! मी सगळ्यांना सांगायची, अर्ध्या खामगावच्या डोळ्यात माझ्या बापाची परात आहे. आणि धंद्यातला नियम असा, की ठिपका नसला की डोळा मेलेला दिसतो. कोणाचा आलाच नाही तर तो नंतर हातानं घालायचा. निगेटिव्हवरचं ते बारीक काम, ज्याला रिटचिंग म्हणतात, ते माझ्याकडे. भिंग, पेन्सिल आणि पातं घेऊन मी पुढच्या गॅलरीत बसायची.

त्या काळी खेड्यात किती माणसं फोटो न काढताच जायची. मग घरचे लोक आमच्याकडे यायचे. भाऊ नाहीतर मुलगा, जो नाकीडोळी सारखा असेल त्याला गेलेल्याचा कोट-फेटा घालून बसवायचं आणि फोटो काढायचा. मी कपाळाला आठी घालून द्यायची, मिशी जाड करायची. मग चौकट, भिंत, हार. नातवंडं त्याच फोटोला आजा म्हणून पाया पडायची. यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही, मलाही नाही.

तर असेच ते लोक आले, पोळा झाल्यावर. मोताळ्याकडच्या एका खेड्यातले, म्हणजे माझ्या माहेरच्याच बाजूचे. म्हातारे आबाजी, त्यांची बायको, धाकटा मुलगा सुखदेव आणि थोरली सून द्वारका. थोरला मुलगा त्र्यंबक मागच्या श्रावणात जळगाव जामोदच्या बाजारातून गोऱ्ह्यांची जोडी घेऊन येत होता. पूर्णेला पूर आला. एक गोऱ्हा मेलेला सापडला, चिखलात त्र्यंबकचा एक जोडा सापडला. माणूस सापडला नाही. वर्ष झालं. भावकीनं ठरवलं की आता पुरे. येत्या पितृपक्षात फोटोला हार घालायचा आणि त्याच दिवशी द्वारकाचं कुंकू उतरवायचं.

द्वारकाच्या कपाळावर तेव्हा कुंकू होतं. चांगलं ठसठशीत.

सुखदेव कोट घालायला तयार होईना. "बाबा, मले जिताच मारून राह्यले का तुम्ही?"

"घाल रे राजा," म्हातारी म्हणाली. "मले त्याचं तोंड पाहाचं हाये. एक डाव पाहू दे." आणि तिनं स्वतःच्या हातानं त्याला तो काळा कोट चढवला. त्र्यंबकच्या लग्नातला.

ह्यांनी कॅमेऱ्यामागून विचारलं, "वहिनी, त्र्यंबकभाऊ बसत कसे? मान सरळ, का कलती?"

द्वारका भिंतीकडे तोंड करून उभी. "मी नाही सांगत."

"सांग वं माय," आबाजी म्हणाले. "तूच पाह्यलं त्याले सगळ्यात जास्त."

"म्हणूनच नाही सांगत. जित्या माणसाले हार घालाची घाई झाली तुम्हाले!"

मी गुपचूप परातीचा दिवा लावला. सुखदेव स्टुलावर बसला, वैतागलेला, घामाघूम. आणि बसल्या बसल्या त्याची मान डावीकडे कलली... हलकीच.

"अस्साच!" म्हातारी ओरडली. "अस्साच बसे माहा त्र्यंबक!"

द्वारकानं गर्रकन वळून पाहिलं आणि लगेच परत भिंतीकडे तोंड फिरवलं. ह्यांनी तेवढ्यात फोटो घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती निगेटिव्ह घेऊन गॅलरीत बसले. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं, पांढरं ते काळं. म्हणजे डोळ्यात काळा गोल ठिपका दिसायला पाहिजे. भिंग लावलं तर उजव्या डोळ्यात गोल नव्हता. चौकोन होता. उभा चौकोन, त्यात बारीक उभ्या रेघा आणि खालचा एक कोपरा भरलेलाच नाही. डाव्या डोळ्यात तर काहीच नाही. मला वाटलं माझ्याच डोळ्यात काही गेलं. पदरानं डोळे पुसले, भिंग पुसलं, परत पाहिलं. खिडकी होती हो! गजांची खिडकी.

"अहो, इकडे या. याच्या डोळ्यात खिडकी हाय."

"कायची खिडकी? अथी खिडकी हाय कुठी?"

"तेच म्हणते ना मी!"

ह्यांनी बराच वेळ पाहिलं. मग शिडी लावून छपरावर गेले. पत्रा उचकटला असेल म्हणाले. पत्रा जिथल्या तिथं. बुजवलेल्या खिडकीच्या विटा ठोकून पाहिल्या, त्याही जागच्या जागी. खाली आले, कपडे झटकले. "कॅमेऱ्याचा काही दोष असंन. खरवडून काढ ते, अन् गोल ठिपके घाल दोन्ही डोळ्यांत."

मी पातं घेतलं. असले ठिपके मी हजारदा केले असतील, डोळे मिटून केले असते. पण त्या दिवशी माझ्यानं होईना. पातं टेकवायची, उचलायची. उठायची, पाणी प्यायची, परत बसायची. चुलीवर दूध उतू गेलं, सासूबाई ओरडल्या, मी त्यांच्यावर ओरडले. मला काय झालं होतं मला कळेना. नुसतं जिवाला लागून राहिलं होतं. संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "त्याला परत बसवा."

बाजाराच्या दिवशी सुखदेव सरकी घ्यायला खामगावला येणार होता, त्याला कोट घेऊन ये म्हणून निरोप धाडला. निगेटिव्ह खराब झाली असं सांगितलं. ह्यांनी आधी त्याच्या अंगावरच्या कपड्यांतच एक फोटो घेतला. मग कोट-फेटा चढवून दुसरा. तेच स्टूल, तीच परात, दिवा मध्ये बंदसुद्धा केला नाही. सुखदेवला खाली चहा प्यायला पाठवलं आणि हे अंधाऱ्या खोलीत गेले.

बाहेर आले तेव्हा दोन्ही हातांत दोन ओल्या निगेटिव्ह. पाणी पायांवर गळत होतं, त्यांचं लक्ष नव्हतं.

"पाय," म्हणाले आणि दोन्ही उजेडासमोर धरल्या.

साध्या कपड्यातल्या सुखदेवच्या दोन्ही डोळ्यांत माझी परात. गोल, नेहमीसारखी. कोटातल्या सुखदेवच्या उजव्या डोळ्यात खिडकी, डावा डोळा कोरा. आणि नुसतं तेवढंच नाही, तोंडावरचा लाइटच वेगळा होता. परातीचा लाइट समोरून येतो, दोन्ही गाल सारखे उजळतो. हा एका बाजूनं आलेला होता. फिका, थंड, दिवसाचा... ढगाळ दिवशी खिडकीजवळ बसलं की तोंडावर पडतो तसा. सासऱ्यांच्या काळातला उजेड मी पाहिला होता. विजेच्या दिव्याचा आणि दिवसाचा फरक मला न कळायला काय झालं? आमच्या त्या बंद पेटीत हा लाइट आला कुठून?

हे खुर्चीवर बसले. "कोणाले बोलू नको. लोक यायचे बंद होतील. म्हणतील, स्टुडिओ झपाटला."

"अन् तिचं कुंकू उतरवून राह्यले ते?"

"अवं, मग काय सांगशील तिले? दिव्यानं सांगितलं का तुहा नवरा जिता हाय?"

बरोबरच होतं त्यांचं. फोटोत खिडकी दिसली म्हणून माणूस जिवंत, असं कुठं असतं का? आणि मी बोलले, ती बाई आशेला लागली, आणि पुढं काहीच निघालं नाही तर? एकदा विधवा करायची ती दोनदा केल्यासारखं. या विचारानं माझी झोप उडाली. पण गोल ठिपके काही मी घातले नाहीत. ह्यांनीही नंतर विचारलं नाही. उलट एक दिवस मी पाहते तर ह्यांनीच तो उजवा डोळा तेवढा मोठा करून छापला होता आणि अंधाऱ्या खोलीत दोरीला वाळत टाकला होता.

गणपती उठले आणि ते चौघं फोटो न्यायला आले.

आबाजींनी फोटो हातात घेतला आणि "हुबेहूब" म्हणून खाली मान घातली. म्हातारी काचेवरून बोटं फिरवत राहिली. द्वारका दारातच. मी तिला आत ओढली, गॅलरीत बसवली, हातात भिंग दिलं. आधी सुखदेवचा साधा फोटो दाखवला. "हा गोल ठिपका दिसला का? ही माझी परात. अथी जो बसते त्याच्या डोळ्यात हीच येते. आता हा पाय." आणि दुसरा पुढं ठेवला. खिडकीचं नाव मी आपणहून काढलं नाही, देवाशपथ.

तिनं खूप वेळ पाहिलं.

"खिडकी हाय."

"हाव."

"गजाची. आमच्या घराले अशी खिडकी नाही, बाई. तुमच्या अथी?"

"आमच्या अथी खिडकीच नाही."

"मंग हे कुठचं हाय?"

"मले नाही मालूम."

"अन् एकाच डोळ्यात काऊन?"

"तेही नाही मालूम, माय."

तोवर आबाजी मागं येऊन उभे राहिले होते. त्यांचा आवाज चढला. "बाई, काऊन तिच्या डोक्यात भरून राह्यल्या तुम्ही? वर्षभर नदी पालथी घातली आम्ही. एक डाव रडून झालं माहं. आता पुन्हा आस लावू अन् पुन्हा रडू का?" वाईट माणूस नव्हता तो. मला इतकं वाईट वाटलं की वाटलं, घ्यावं पातं आणि खरवडून टाकावी ती खिडकी एकदाची.

पण म्हातारीनं भिंग घेतलं. तिला मोतीबिंदू, तिला काय दिसलं असेल देव जाणे. भिंग खाली ठेवून ती म्हणाली, "फोटो घरी न्या. हार नाही घालाचा. एवढं वर्ष जाऊ द्या."

"लोक काय म्हणतीन?" आबाजी म्हणाले.

"लोकाईनं जन्म देला का त्याले?"

मग द्वारका सुखदेवकडे वळली. "भाऊजी, नदी तर खाली वाहते. तुम्ही खालच्या अंगाले कुठवरी गेलते?"

"मलकापूरवरी."

"त्याच्या पुढं?"

सुखदेवनं फेटा काढून मांडीवर ठेवला. "त्याच्या पुढं कोणं नाही गेलं," तो म्हणाला. "चाल वहिनी, मी येतो संग."

ते गेले आणि माझा जीव थाऱ्यावर राहिना. जिन्यावर पाऊल वाजलं की मी गॅलरीतून वाकून पाहायची. पितृपक्ष सरला, दसरा गेला, दिवाळी आली. हे मला टोचायचे, "त्या बाईले नादी लावलं तू." मी त्यांना उलटून बोलायची आणि आत जाऊन रडायची. करंज्या तळता तळता मी देवाला म्हटलं — मी! — की बाबा, एवढं एक कर.

कापसाची वेचणी सुरू झाली होती. सकाळी दहाचा सुमार. जिन्यावर पावलं वाजली आणि द्वारका वर आली. कपाळावर कुंकू. तिच्यामागं सुखदेव, त्याच्या खांद्यावर हात टाकून एक वाळलेला माणूस. अंगात तोच काळा कोट, खुंटीला अडकवल्यासारखा सैल. डाव्या डोळ्याचं बुबुळ पांढरं पडलेलं.

मी धावत जाऊन त्र्यंबकला बसायला स्टूल पुढं केलं.

तिकडं खानदेशात, पूर्णा तापीला मिळते त्या बाजूला, गावकऱ्यांनी त्याला पाण्यातून ओढून काढला होता. डोक्याला मार, डोळा फुटलेला. तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन टाकला. नाव नाही, गाव नाही, तोंडातून शब्द नाही. सगळे त्याला 'पूरवाला' म्हणायचे. हिंडूफिरू लागला तसा तिथंच पाणी भरायचा आणि तिथंच राहायचा. द्वारका आणि सुखदेव नदीकाठच्या गावागावात विचारत तिथवर पोचले. ती समोर उभी राहिली तर हा नुसता पाहतच राहिला. मग म्हणाला, "गोऱ्हे घरी आले का?"

"एक आला म्हणून सांगतलं म्या, मरून आला ते नाही सांगतलं," द्वारका म्हणाली. ती हसत होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. माझ्याही.

तो मोठा केलेला डोळा आम्ही अजून कोणाला दाखवला नव्हता. आधी सुखदेवलाच विचारलं. "त्याची खाट कुठी होती रे?"

"खिडकीजोळ."

"कशी खिडकी?"

"गजाची. खालचा एक कोपरा फुटेल होता, तथी पत्रा मारेल." मग तोच म्हणाला, "अन् डोळ्याले पट्टी होती. दवाखान्यातल्या बाईनं सांगतलं. पुन्हा चिघळला डोळा, पोळ्याच्या बाजूले. तवा बरेच दिवस पट्टी बांधून तथीच बसून राहे."

ह्यांनी दोरीवरून तो मोठा केलेला डोळा काढून आणला आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तो कोपरा काळा होता. त्र्यंबकला आम्ही काही दाखवलं नाही, तो आपला परातीकडे पाहत बसला होता. म्हणाला, "भाकर थापाची परात कायले टांगली?" मी ह्यांच्याकडे पाहिलं आणि इतकी हसले, की हसता हसता परत रडू आलं.

मग नवरा-बायकोचा जोडीनं फोटो काढला. लाइट मी लावला. निगेटिव्हमध्ये द्वारकाच्या दोन्ही डोळ्यांत परात, त्र्यंबकच्या उजव्या डोळ्यात परात. डाव्या डोळ्यात ठिपका घालू का विचारलं तर द्वारका म्हणाली, "नोको. जसा हाय तसाच राहू द्या."

त्यांच्याकडचं कापसाचं बोचकं पुढं कितीतरी वर्षं आमच्याकडे गादीसाठी यायचं. त्र्यंबक म्हातारा होऊन गेला. गोष्ट इथं संपायला पाहिजे होती.

पण मला जे खरं सांगायचंय ते वेगळंच आहे.

हे गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. झोपेतच गेले. तोंडात तुळशीचं पान मी घातलं, डोळे मी मिटले, या हातांनी. घरात फोटो शोधायला लागलो तर ह्यांचा एक फोटो नाही! गावभर फोटो काढत हिंडले, स्वतः कधी समोर बसले नाहीत. लग्नातला एक आहे, त्यात मुंडावळ्यांनी तोंड झाकलेलं. मुलगा ह्यांच्यासारखाच दिसतो. तो म्हणाला, "आई, मी बसतो बाबांच्या कोटात."

तोवर स्टुडिओत छत्र्या लावलेले फ्लॅश आले होते. मी माळ्यावरून परात काढायला लावली. मुलगा वैतागला, "कायले ती जुनी परात? छत्रीचा लाइट चांगला पडते."

"परातच," मी म्हटलं.

सुनेनं बटण दाबलं. फिल्म धुतली, वाळली. मी भिंग घेऊन गॅलरीत बसले. मी सांगितलं ना, डोळे मी मिटले होते. मला सगळं माहीत होतं. कुठल्या दवाखान्यात ते खिडकीजवळ बसलेले नव्हते, हे मला माहीत नव्हतं का? तरी भिंगाला डोळा लावण्याआधी मी ते पदरानं तीनदा पुसलं.

दोन्ही डोळ्यांत गोल ठिपका. स्वच्छ, गोल. माझी परात.

मी मुलाला म्हटलं, एकदा परत बस. तो बसला. परत परात. मग त्यानंच कोट काढता काढता विचारलं, "आई, काय शोधून राह्यली तू?"

"काही नाही," मी म्हटलं.

द्वारकाला खिडकी दिसली ती कुठून आली? पत्रा ठोकलेला, विटा लावलेल्या, दिवा माझ्या डोळ्यांदेखत पेटलेला. लाइटचं सगळं मला कळतं असं वर मोठ्या तोऱ्यात सांगितलं मी, पण त्या लाइटचं मला आजही काही कळलेलं नाही. नात म्हणते, शेवटी काहीतरी कारण लिहू या, लोक विचारतील. लोकांना म्हणावं, तुम्हाला सापडलं तर मला कळवा.

ह्यांच्या फोटोला हार मीच घातला. पण भिंग काही मी परत डब्यात ठेवलं नाही, ते फोटोखालच्या फळीवरच असतं. सकाळी फूल बदलायला गेले की एकदा लावून पाहते.